अंडी दसऱ्याला, कोंबडे आखाडाला

परसातली कोंबडी : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत दोनच विषय आहेत. पिल्लं कशी काढायची, आणि त्यातून निघालेल्या जादा नरांचं काय करायचं. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला दुसरा प्रश्न साधारण चार महिन्यांनी पडतोच, म्हणून दोन्ही प्रकारची पत्रं शेजारी-शेजारी छापत आहोत.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना (वय ९ आणि १२) अंड्यातून पिल्लू निघताना दाखवायचं आहे. छोटं मशीन मागवणार आहे. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की अंडी ठेवू का? दुकानातली पांढरी अंडी चालतील का? – एक आई, लातूर

पांढऱ्या अंड्यांतून काही निघणार नाही. लेयरच्या (अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये कोंबडा ठेवतच नाहीत, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात. गावरानच घ्या. देणाऱ्याला एवढंच विचारा की किती कोंबड्यांत एक कोंबडा आहे. आठ-दहांत एक असेल तर ठीक. वीस-पंचवीसांत एकच असेल तर बरीच अंडी कोरी निघतील.

एप्रिल मात्र नको. छोट्या मशीनमध्ये गरम करायची सोय असते, गार करायची नसते. अंड्याला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. खोलीच ४० वर गेली तर कंट्रोलर फार तर बल्ब बंद करील, पेटी खोलीपेक्षा थंड कशी होणार? वाढतं पिल्लू थोडा वेळ गारठा सोसतं, पण ४० च्या पुढचा उकाडा काही तासांत त्याचा जीव घेतो. शिवाय अंडी मशीनपर्यंत पोचायच्या आधीच बिघडतात. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यात वाढ सुरू होते. पत्र्याखालच्या टोपलीत ३५ अंशांत चार दिवस पडलेलं अंडं अर्धवट वाढून मेलेलं असतं, आणि बाहेरून ते कळत नाही.

आपल्याकडे मुलांसोबत पिल्लं काढायचा काळ म्हणजे दसरा ते माघ. अंड्याला २१ दिवस लागतात, आणि दसऱ्यापासून दिवाळीचा पाडवा जवळपास तेवढ्यावरच येतो. नवरात्रात घरात अंडं चालत नसेल तर घट उठल्यावर आणा, दुसऱ्या दिवशी ठेवा. भाऊबिजेच्या आसपास, मुलं सुटीवर घरी असताना, पिल्लं निघतील. मोजताना ठेवलेला दिवस शून्य धरा, चोवीस तास झाले की एक.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. मध्यम आकाराची, तडा नसलेली. मळकी असतील तर बाजूला ठेवा, पण धुऊ नका. धुतलं की कवचावरचा लेप जातो आणि जंतू आत शिरतात. फ्रिजमध्येही ठेवू नका. माठाच्या आडोशाला, वाळूच्या टोपलीत, जाड टोक वर करून ठेवा. गाडीवरून आणली असतील तर मशीनमध्ये घालण्याआधी बारा तास तशीच उभी राहू द्या.

बारा अंडी पुरेत. घरच्या मशीनवर त्यातून सात-आठ पिल्लं निघाली तर चांगलं जमलं म्हणायचं. त्यातले निम्मे नर. कॅलेंडरवर आजच तीन खुणा करा. दिवाळीच्या पाडवा-भाऊबिजेला पिल्लं निघतील. फेब्रुवारी संपता संपता नर आरवायला लागतील. आणि आखाडात, म्हणजे जून-जुलैत, श्रावणाच्या आधी, गावरान कोंबड्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं. तिसऱ्या खुणेचं उत्तर घरात ठरलं नसेल तर अंडी आणू नका.

प्रश्न : थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून मशीन केलं. १४ अंडी ठेवली, ४ पिल्लं निघाली. उरलेली फोडली तर ४ अगदी कोरी. ६ मध्ये पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं, वरचा पडदा कागदासारखा चिवट. तापमान ३७.५ च होतं. शेवटचे दोन दिवस मुलं दर तासाला झाकण उघडून बघायची. कुठं चुकलं? – जालना

कोरी चार अंडी मशीनमुळे गेली नाहीत. ती फळलेलीच नव्हती किंवा फार जुनी होती. बाकीची सहा कोरड्या हवेने मारली, आणि शेवटचा धक्का झाकणाने दिला.

अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडत असतं आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. अठराव्या दिवसापर्यंत वजन १२-१३ टक्क्यांनी उतरायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं असेल तर ४४ ग्रॅमच्या आसपास. हिवाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की पेटीत पाण्याची वाटी छोटी ठेवली तर वजन यापेक्षा बरंच जास्त उतरतं. पिल्लू आत लहान आणि कमजोर राहतं. मग त्याने आतून कवचाला टोच मारल्यावर दर तासाला झाकण उघडलं की आतली दमट हवा एका दमात बाहेर जाते, पडदा सुकतो आणि पिल्लाला गच्च आवळतो. त्याला फिरताच येत नाही. पावसाळ्यात नेमकं उलट होतं. पाणी कमी उडतं, पिल्लू फुगीर आणि चिकट होतं, हवेची पोकळी अपुरी पडते.

पुढच्या वेळी पहिले १८ दिवस दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. वाटी खोल करून उपयोग नाही, पाण्याचा पसारा वाढवावा लागतो. उथळ ताटली ठेवा, तिच्यात स्पंजचे तुकडे उभे करा. सलाइनची नळी झाकणातून ताटलीपर्यंत सोडा आणि कोमट पाणी सिरिंजने बाहेरूनच द्या. दोन अंड्यांवर पेन्सिलीने वजन लिहा आणि सातव्या, चौदाव्या, अठराव्या दिवशी सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजा. स्वस्तातल्या दमटपणाच्या मीटरपेक्षा हा काटा जास्त खरा बोलतो. मीटरही तपासता येतो. टोपणभर मीठ थेंबभर पाण्याने ओलं करा, मीटरसोबत घट्ट डब्यात आठ-दहा तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर तुमचा मीटर ७ ने कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवायचं.

तापमानाबद्दलही थोडी शंका आहे. तुम्ही पंखा लिहिलेला नाही. पंखा नसेल तर वरची हवा गरम आणि खालची गार राहते, मग ३७.५ नेमकं कुठलं? बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास लागतं. त्यापेक्षा कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवा आणि सेन्सर अंड्यांच्याच उंचीला ठेवा, बल्बसमोर नको. मग ३७.५ सगळीकडे सारखं मिळेल. थर्मोस्टॅटमधला फरक (बल्ब बंद होणं आणि पुन्हा लागणं यातलं अंतर) ०.३ अंशावर आणा. तो २ अंशांवर असेल तर पेटी सारखी खाली-वर होत राहते. बल्ब तारेचा पिवळाच हवा, एलईडीला ऊब नसते. ४० वॅटच्या एका बल्बऐवजी २५ चे दोन लावा, म्हणजे रात्री एक उडाला तरी अंडी वाचतात. पंखा आणि बल्ब यांच्यापुढे जाळी हवीच, नाहीतर पहिलं पिल्लू तिकडेच जातं. खाली दोन आणि वर दोन, बोटाएवढी भोकं ठेवा. शेवटच्या दिवसांत पिल्लांना हवा जास्त लागते, तेव्हा ती बुजवू नका.

लाइट गेली तर पेटी उघडू नका, वरून गोधडी टाका. तीन-चार तास निभावतात. फक्त जनरेटर-इन्व्हर्टरच्या झटक्याने थर्मोस्टॅटची सेटिंग बदलली नाही ना, ते लाइट आल्यावर बघा.

आणि मुलांसाठी झाकणात पारदर्शक काच किंवा जाड प्लास्टिकची खिडकी करा. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं, पाणी भरायचं, झाकण लावायचं, आणि सगळी पिल्लं सुकेपर्यंत हात लावायचा नाही. आधी निघालेल्या पिल्लाची काळजी करू नका. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. टोच मारल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. त्या वेळात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटत असतात. घाईने कवच सोलणारा माणूस त्या वाहिन्या फोडतो.

प्रश्न : आजी म्हणतात टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, गोल अंड्यातून कोंबडी. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरली तरी कळतं म्हणे. खरं का? – बीड

नाही. अंड्याचा आकार कोंबडीवर अवलंबून असतो. एक कोंबडी टोकदार घालत असेल तर बहुतेक सगळीच टोकदार घालते. नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, तेही अंडं घालण्याआधीच. मशीनचं तापमान बदलूनही काही फरक पडत नाही. कासवांत, मगरींत तसं होतं, कोंबड्यांत नाही. अंगठीचा खेळ मुलांना जरूर करू द्या. प्रत्येक अंड्यावर भाकीत लिहा आणि तीन महिन्यांनी ताळा करा. निम्मी बरोबर येतील.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात हा प्रयोग करायचा आहे. सुटीचा दिवस, रात्र, मुलांची सुरक्षितता, नंतर पिल्लं कुठं द्यायची, सगळंच सांगा. – शिक्षिका, हिंगोली जिल्हा

वार आधी ठरवा. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे ज्या वारी ठेवाल त्याच वारी पिल्लं निघतील. मंगळवारी दुपारी ठेवा. अंड्यात बघायचे दिवस, सातवा आणि चौदावा, मंगळवारीच येतात. फिरवणं थांबवायचा अठरावा दिवस शनिवार. मधल्या रविवारी कोणी तरी चावी घेऊन यायला लागेल. ते माणूस मिळत नसेल तर मशीन शाळेत नको.

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलीने. दिवसातून तीनदा फिरवायचं. भरताना, मधल्या सुटीत, सुटताना. संख्या विषम हवी, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज वेगळ्या बाजूवर जाते. फिरवलं नाही तर भ्रूण पडद्याला चिकटतो.

बघण्यासाठी मोबाइलचा टॉर्च आणि पुठ्ठ्याची नळी पुरते. खोली अंधारी करा. सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चालू आहे. नुसता पिवळसर उजेड आला तर कोरं. रक्ताची फक्त एक गोल रेघ दिसली तर सुरू होऊन मेलं. मेलेलं काढून टाका, कारण उबेत ते कुजून फुटतं आणि वर्गाला पुढचा आठवडा तो वास पुरतो.

पिल्लं कितीही गोजिरी असली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. पिल्लाला तोंडाजवळ न्यायचं नाही, मुका घ्यायचा नाही, त्या खोलीत डबा खायचा नाही, आणि हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद धुवायचे. अंगणवाडीतल्या मुलांनी लांबूनच बघावं.

पिल्लं एकेकाला वाटू नका. एकटं पिल्लू चिवचिवत राहतं, खात नाही, गारठतं. सगळी एकाच घरी द्या, शक्यतो जिथे खुडूक (उबवायला बसलेली) कोंबडी आहे तिथे. रात्री अंधारात तिच्या पोटाखाली दोन-तीन दिवसांच्या आतली पिल्लं सरकवली तर बहुतेक खुडूक कोंबड्या ती आपली मानतात. कोंबडी नसेल तर बल्बखाली पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला पळून चोच उघडली तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असतील तर बरोबर. परभणी-हिंगोलीकडची जानेवारीची रात्र पिल्लांना सोसत नाही. घेणाऱ्याकडून नरही सांभाळीन, परत आणणार नाही, एवढं आधीच कबूल करून घ्या.

लस विसरू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुन्हा चौथ्या आठवड्यात. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची असते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करा. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कुपी बर्फात आणा.

प्रश्न : दोन पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकलेत, उभं राहता येत नाही. खाली वर्तमानपत्र घातलं होतं. – बीड

वर्तमानपत्रामुळेच. गुळगुळीत कागदावर पाय सरकतो आणि सांधा तसाच बसतो. त्यावर पोत्याचा तुकडा किंवा भाताचं तूस घाला. पायांना चिकटपट्टीची सैल बेडी घाला, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. तीन-चार दिवसांत सुधारतात. आठवडा उलटला तर मग अवघड.

प्रश्न : ९ पिल्लांतले ६ कोंबडे निघाले. आता चार महिन्यांचे आहेत. पहाटे चारपासून सहा जण एकामागून एक आरवतात, कॉलनीत तक्रार झाली. एकमेकांना रक्तबंबाळ करतात, तिन्ही कोंबड्यांच्या पाठीची पिसं गेली. अंडी देणाऱ्याने फसवलं का? आता काय? – नांदेड

फसवलेलं नाही. ९ पिल्लांत ६ किंवा जास्त नर निघण्याची शक्यता चारात एक असते. नाणं ९ वेळा उडवून बघा.

आजच सहाही कोंबडे वेगळे काढा, जिथून कोंबड्या दिसणारच नाहीत अशा जागी. मादी नजरेआड असली की नरांचा कळप बऱ्यापैकी शांत राहतो. समोर दिसली की मारामारी. तीन कोंबड्यांवर सहा नर म्हणजे त्या कोंबड्यांचे हालच. खरं तर तीन कोंबड्यांना एक कोंबडाही जास्तच होतो. फक्त खायला अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतं, अंड्यांची संख्या तेवढीच राहते.

आरवण्याचं : ते उजेड बघून आरवत नाहीत, अंगातलं घड्याळ पहाटेच्या आधीच वाजतं. वरचढ कोंबडा पहिला, मग बाकीचे पायरीने. म्हणून सहाचे दोन केले तर गोंगाट बराच उतरेल. एकच ठेवायचा असेल तर रात्री त्याला अंधाऱ्या, कमी उंचीच्या खोक्यात ठेवतात. उभं राहता येतं पण मान पूर्ण ताणता येत नाही, त्यामुळे आवाज दबतो. हवेला भोकं हवीत, सात वाजता सोडायला हवं. मार्चनंतर नांदेडच्या उकाड्यात हा उपाय बंद, कोंबडा गुदमरेल. गळ्याला पट्टा आवळायचा प्रकार करू नका. खच्ची करणं तर घरी नाहीच. कोंबड्याची वृषणं पोटात, पाठीला लागून असतात, म्हणजे ती चक्क शस्त्रक्रिया आहे.

आता विल्हेवाट. चार महिन्यांचा गावरान कोंबडा अजून हाडकुळा असतो. सहा-सात महिन्यांपर्यंत, मक्याच्या भरड्यावर आणि ज्वारीवर, दीड-दोन किलोचा होतो. जागा असेल तर थांबा. आठवडी बाजारात व्यापारी नगावर घेतो आणि भाव पाडतो. घरून विकायचा असेल तर काट्यावर, वजनाने विका. तुरा लाल, अंगावर चकाकी, पाय स्वच्छ, असा कोंबडा चैत्रातल्या जत्रांना आणि आखाडात लगेच जातो. लाल, काळा असा रंग मागणारी गिऱ्हाइकंही तेव्हाच येतात. दुसरी वाट अदलाबदलीची. शेतावर राहणाऱ्याला दोन कोंबडे द्या, एक तलंग (अंड्यावर यायची तरुण कोंबडी) घ्या. त्यालाही बाहेरच्या रक्ताचा नर मिळतो, कारण एकाच कोंबड्याची पोरं-नातवंडं आपसात फळत राहिली की पिल्लं कमी निघतात.

खायचा असेल तर आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू. गावात मुलाणी आहे, शहरात चिकनवाला मजुरी घेऊन करून देतो. स्वतः शिकलेलं नसेल तर पहिला हात स्वतः चालवू नका, पक्ष्याचे हाल होतात. कापल्यावर लगेच शिजवलं तर मांस रबरासारखं लागतं. मीठ-हळद लावून पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेवा. ब्रॉयलरचा हिशेब इथे चालत नाही, मंद आचेवर दीड तास धरा. काळा मसाला, थोडा येसर, रस्सा पातळच, सोबत ज्वारीची भाकरी. रक्ती हगवणीचं वगैरे औषध दिलं असेल तर पुडीवर लिहिलेले दिवस सोडल्याशिवाय कापू नका.

दोन गोष्टी मात्र करू नका. झुंजीवाल्याला देऊ नका, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने झुंज लावणं गुन्हा आहे. आणि रात्री देवळाच्या आवारात किंवा माळावर सोडून येऊ नका. पाळलेला प्राणी उपाशी मरायला सोडणं त्याच कायद्यात बसतं, आणि सकाळपर्यंत कुत्री किंवा मुंगूस त्याला ठेवतही नाहीत.

प्रश्न : मुलीने (वय ८) कोंबड्याचं नाव ठेवलंय. घरी सगळे खातात, तीही खाते. पण हा कापायचा म्हटल्यावर दोन दिवस जेवली नाही. “शेतावर पाठवला” असं सांगू का? – परभणी

नका सांगू. आठ वर्षांच्या मुलीला शेत कुठं आहे ते माहीत असतं, ती रविवारी बघायला चला म्हणेल. खरं सांगा : दोन कोंबडे एका खुराड्यात राहत नाहीत, हा विकायचा किंवा खायचा आहे. मग तिच्यापुढे खरी निवड ठेवा. हा विकून त्या पैशाची तलंग आणायची, की अदलाबदल करायची? कापायचाच असेल तर तिच्यासमोर नको, तिला न सांगताही नको, आणि त्या दिवशी तिला वेगळी भाजी करा. मुद्दाम “हाच तो” म्हणून ताटात वाढणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच गप्प बसवा.

पुढच्या खेपेला नाव ठेवायची घाई करू नका म्हणावं. पाच-सहा आठवड्यांनी ज्यांचा तुरा मोठा आणि लालसर दिसतो ते बहुतेक नर. दहा-बारा आठवड्यांनी मानेची आणि शेपटीपुढची पिसं टोकदार, चकचकीत झाली की शंका उरत नाही. तोवर पायात रंगीत रबर घाला, नावं नंतर.

प्रश्न : कोंबडा चार वर्षांच्या मुलावर धावून जातो. मागून उडी मारून पायाचा काटा मारतो. मारून सुधारेल का? – धाराशिव

मारल्याने तो आणखी पेटतो, तुम्ही त्याच्या लेखी दुसरा कोंबडा झालात. मोठ्या माणसाने पळ न काढता सावकाश त्याच्याकडे चालत जावं, तो बाजूला झाला की थांबावं. काही नर पंधरा दिवसांत यावर येतात. पण चार वर्षांच्या मुलाचा डोळा त्याच्या उडीच्या उंचीवर असतो, तेव्हा पंधरा दिवस वाट बघू नका. आजच कोंडा आणि या आठवड्यात काढून टाका. जखम झाली असेल तर साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. तो नर वाणाला (पैदाशीला) ठेवू नका, आणि त्याच्याखालची अंडी यंदा मशीनमध्ये घालू नका, हा स्वभाव पिल्लांतही उतरतो. त्याला काढल्यावरही कोंबड्या दोन-तीन आठवडे फळलेली अंडी देत असतात, तेव्हा नवा कोंबडा आणून महिनाभर थांबा, मग अंडी गोळा करा.